सी मधला स्टॅक : रिकामा असताना पॉपने परत काय द्यायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका प्रॅक्टिकलपाशी दोन दिवस अडकलोय म्हणून धागा काढतोय.

प्रॅक्टिकल असं: अ‍ॅरे (ओळीने नंबर लावलेले खण) वापरून सी या प्रोग्रामिंग भाषेत स्टॅक लिहायचा आणि त्याच्यावर पोस्टफिक्स एक्सप्रेशन सोडवायचं. स्टॅक म्हणजे वस्तू एकावर एक ठेवायची जागा: वर ठेवणं म्हणजे पुश, वरची काढणं म्हणजे पॉप, त्यामुळे शेवटी ठेवलेली आधी निघते. पोस्टफिक्समध्ये चिन्ह आकड्यांच्या मागून येतं, म्हणजे '८ ३ -' हे आठ वजा तीन. आकडा आला की पुश करायचा. चिन्ह आलं की दोनदा पॉप करायचं, हिशेब करायचा आणि उत्तर पुन्हा पुश करायचं. सगळं संपल्यावर स्टॅकमध्ये उरेल ते उत्तर.

फोनवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाहीये, म्हणून मराठीत उतरवतो:

शेंडा = -१ (शेंडा म्हणजे सगळ्यात वरच्या भरलेल्या खणाचा नंबर)

पुश(क):
— शेंडा ९ असेल (दहाही खण भरले) तर 'ओव्हरफ्लो' छापा आणि परत फिरा
— शेंडा = शेंडा + १
— अ‍ॅरे[शेंडा] = क

पॉप():
— शेंडा -१ असेल तर -१ परत द्या
— क = अ‍ॅरे[शेंडा]
— शेंडा = शेंडा - १
— क परत द्या

चिन्ह आल्यावर मी 'ब = पॉप(), अ = पॉप()' करतो आणि दोन्हींपैकी एक जरी -१ आला तर 'एक्सप्रेशन चुकीचं' असं छापून थांबतो. शेवटचं उत्तर पॉप करतानाही तेच.

'८ ३ -' ला ५ आले. '२ ३ + ४ *' ला २० आले. '३ ८ -' ला -५ आले, म्हणजे ऋण आकडे पण चालतात. लॅबमध्ये तपासून सही पण झाली. रात्री घरी सहज '२ ३ ४ - *' दिलं. उत्तर -२ यायला पाहिजे. आलं 'एक्सप्रेशन चुकीचं'. मग चारच्या जागी पाच घातले तर -४, अगदी बरोबर. साडेबारापर्यंत आकडे बदलत बसलो तेव्हा लक्षात आलं की मधे कुठंही वजाबाकी बरोब्बर -१ झाली की प्रोग्राम मरतो. नुसतं '४ ५ -' दिलं तरी मरतो.

कारण कळलं. स्टॅकमध्ये खरोखरचा -१ असतो आणि मला वाटतं स्टॅक रिकामा झाला. पण मग परत द्यायचं काय? -१ च्या जागी -९९९ करून बघितलं, चाललं. मित्र म्हणतो -९९९ कोण कशाला देतंय. मला पटत नाहीये. लॅबमध्ये विचारलं तर सांगितलं की जर्नलमध्ये -१ आहे, सगळे -१ च लिहितात, तेच लिही. मार्क मिळतील, पण चुकतोय हे दिसत असताना तसंच लिहायचं जिवावर येतंय.

पायवाट

चूक स्वतः शोधलीस, फार छान. -९९९ करू नकोस. '१ १००० -' देऊन बघ, पुन्हा तेच होईल. खड्डा बुजला नाही, फक्त जरा लांब सरकला.

तिसरी_घंटा

कृष्णाकाठ, मी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. तुझ्या कोडात -१ दोन ठिकाणी आहे, आणि ते दोन -१ एकमेकांचे कुणी लागत नाहीत. दरवर्षी मुलं इथंच अडकतात म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला -१ शेंड्याचा. तो जागेचा नंबर आहे. अ‍ॅरेचा पहिला खण ० नंबरचा, म्हणून 'अजून एकाही खणात काही नाही' हे सांगायला त्याच्या अलीकडचा नंबर घेतला. तो बरोबर आहे, त्यात काही बिघडत नाही, कारण -१ नंबरचा खण नसतोच. दुसरा -१ पॉपने परत दिलेला. ती किंमत आहे, खणातली वस्तू. आणि खणात -१ ही वस्तू असू शकते. फळ्यावर दोन्ही सारखे दिसतात, म्हणून पोरं समजतात की स्टॅक रिकामा म्हणजे -१ आणि -१ म्हणजे स्टॅक रिकामा. पाठ करताना हे दोन्ही चिकटतात ते चिकटतातच.

म्हणून मी आता शेंडा शिकवतच नाही, 'संख्या' शिकवते. स्टॅकमध्ये आत्ता किती वस्तू आहेत एवढंच लक्षात ठेवायचं. सुरुवातीला संख्या ०. शून्य म्हणजे रिकामा, क्षमतेइतकी झाली की भरला. पुश करताना आधी अ‍ॅरे[संख्या] मध्ये ठेवायचं, मग संख्या एकने वाढवायची. पॉप करताना आधी संख्या एकने कमी करायची, मग अ‍ॅरे[संख्या] उचलायचं. -१ कुठं येतच नाही, त्यामुळे गोंधळायला जागाच राहत नाही.

वर्गात फळ्यावर पाच खण काढते आणि एका मुलीला बांगड्या भरल्यासारखं समोर उभी करते. शेवटी भरलेली बांगडी मनगटाशी येते आणि निघताना तीच पहिली निघते. मधली काढायची तर तिच्या पुढच्या सगळ्या उतरवाव्या लागतात. पुस्तकात ताटांची उदाहरणं असतात, पण ताटांच्या ढिगातून मधलं ताट ओढून काढणारे महाभाग घरोघरी असतात. बांगडी मधनं ओढता येत नाही.

पॉपने काय परत द्यावं यावर इथले अनुभवी लोक सांगतील. माझ्या पुस्तकातही -१ च आहे, त्यामुळे मलाही ऐकायचं आहे.

सर्किटवाला

मॅडमनी दोन -१ ची फोड केली ती नेमकी आहे. पुढचं मी सांगतो.

आधी हे बघ की दुसरा आकडा शोधून का भागणार नाही. तुझ्या लॅबमध्ये टर्बो सी हे जुनं सॉफ्टवेअर असेल तर तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोन बाइटचा. त्यात ६५,५३६ वेगवेगळ्या किमती मावतात, -३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. त्यातली प्रत्येक किंमत हा खरा आकडा आहे, प्रत्येक किंमत कुठल्या ना कुठल्या वजाबाकीचं उत्तर असू शकते. 'रिकामं' ही ६५,५३७ वी गोष्ट आहे. ती या डब्यात बसणार नाही, कितीही आकडे बदललेस तरी. चार बाइटचा इंट घेतलास तरी तेच. एकेक किंमत वापरात आहे, एकही शिल्लक नाही.

सी ची भाषा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. 'गेटकॅर' नावाचं फंक्शन तू रोज वापरतोस. ते एक अक्षर वाचून देतं, तरी ते 'कॅर' (एका अक्षराचा, एका बाइटचा डबा) परत न देता 'इंट' परत देतं. का? एका बाइटात २५६ अक्षरं, सगळी वापरातली. फाइल संपली हे सांगायला २५७ वी किंमत पाहिजे होती, म्हणून डबाच मोठा घेतला. जे लोक गेटकॅरचं उत्तर 'कॅर' मध्ये ठेवतात त्यांचा प्रोग्राम कधी अर्ध्यात थांबतो तर कधी थांबतच नाही. तुझा आजार तोच आहे.

इंटच्या स्टॅकला मोठा डबा घेण्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या कर. काम झालं की नाही हे एक उत्तर, आणि निघालेली किंमत हे दुसरं. पहिलं परत द्यायचं, दुसरं बोलावणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे मेमरीतल्या जागेवर, ठेवायचं.

पॉप(स्टॅकचा पत्ता, किंमत ठेवायचा पत्ता):
— संख्या ० असेल तर ० परत द्या
— संख्या एकने कमी करा
— दिलेल्या पत्त्यावर अ‍ॅरे[संख्या] ठेवा
— १ परत द्या

पॉपला बोलावणारा कोड असं म्हणेल: 'पॉप करून ब मध्ये ठेव, जमलं नाही तर एक्सप्रेशन चुकीचं'. ब मध्ये -१ आला काय, -९९९ आला काय, कुणाला फरक पडत नाही.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. तुझा पुशही अर्धवट आहे. दहा खण भरले की तो 'ओव्हरफ्लो' छापतो आणि गुपचूप परत फिरतो. छापलेलं माणसाला दिसतं, बोलावणाऱ्या फंक्शनला दिसत नाही. ते बिचारं समजतं की आकडा आत गेला आणि पुढचा हिशेब सुरू ठेवतं. अकरा आकडे आणि दहा बेरजा देऊन बघ: 'ओव्हरफ्लो' छापून झाल्यावर खाली काय येतं ते बघ. पुशनेही १ किंवा ० परत द्यायला पाहिजे, आणि छापायचं काम स्टॅककडे ठेवूच नकोस. स्टॅकने सांगावं, छापायचं की थांबायचं ते वरच्याने ठरवावं.

कृष्णाकाठ

दादा, अकरा आकड्यांचं आत्ता करून बघितलं. सगळे १ दिले होते, उत्तर ११ यायला पाहिजे. आधी 'ओव्हरफ्लो' छापलं. मग नऊ बेरजा बरोबर झाल्या, आणि दहाव्या बेरजेला 'एक्सप्रेशन चुकीचं' आलं. एक्सप्रेशन तर बरोबर होतं. चूक स्टॅकची, आळ एक्सप्रेशनवर. हे लक्षातच आलं नव्हतं.

मॅडम, संख्या वापरून पुन्हा लिहितोय. पाच खण वहीत काढले.

रानफूल

मला एक कळत नाही, एवढा त्रास कशाला? लिंक्ड लिस्टने स्टॅक करा. नोड बनवा, म्हणजे एक किंमत आणि पुढच्या नोडचा पत्ता, पुढच्याला जोडा, झालं. आमच्या नोट्समध्ये स्पष्ट आहे की लिंक्ड लिस्टच्या स्टॅकला मर्यादा नसते, ओव्हरफ्लो होतच नाही.

सर्किटवाला

रानफूल, मर्यादा नसते असं नाही, मर्यादा मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनच्या, हातात जाते. मेमरी संपली की मॅलॉक नल, म्हणजे 'कुठलाच पत्ता नाही', देतो. तो तपासला नाहीस तर ओव्हरफ्लो छापायलाही प्रोग्राम जिवंत राहणार नाही. आणि रिकाम्या स्टॅकवर पॉपचा प्रश्न तर जिथल्या तिथेच आहे. नोडमधली किंमत परत देतोस ना? मग रिकामं असताना काय देशील?

शिवाय जागेचा हिशेब कर. ६४ बिटच्या लिनक्सवर एक इंट ४ बाइट, पत्ता ८ बाइट, मधे ४ बाइट मोकळे सोडावे लागतात, म्हणजे नोड १६ बाइटचा. तिथला नेहमीचा मॅलॉक कमीत कमी ३२ बाइटचा तुकडा तोडतो. चार बाइटच्या आकड्याला बत्तीस बाइट. अ‍ॅरेत त्याच जागेत आठ आकडे बसतात आणि शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे प्रोसेसरलाही पुढचा आकडा हाताशी मिळतो.

लिंक्ड लिस्ट वाईट नाही. पण 'मर्यादा नाही' या कारणासाठी ती घेऊ नये.

रानफूल

बत्तीस बाइटचं माहीत नव्हतं. नोट्समध्ये 'पॉइंटरला (पत्त्याला) जास्त जागा लागते' एवढंच आहे. बरं, पण पॉप करताना नोड फ्री केल्यावर (त्याची मेमरी परत दिल्यावर) त्यातली किंमत परत दिली तरी माझ्याकडे बरोबर येते. म्हणजे ते चालतं ना?

सर्किटवाला

नाही, अजिबात नाही. फ्री केलेली जागा तुझी राहिलेली नाही. घर सोडल्यावर दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं म्हणून ते तुझं होत नाही. आज कुणी नवीन आलेलं नाही एवढंच. आधी किंमत बाजूला काढ, मग शेंडा पुढच्या नोडवर ने, मग फ्री कर. याच क्रमाने.

पायवाट

मी जावा आणि पायथनवाला. 'रिकामं असेल तर काय' हा प्रश्न प्रत्येक भाषेला सोडवावा लागला आहे, आणि प्रत्येकीने तो वेगळा सोडवला.

पायथनमध्ये वेगळा स्टॅक लागत नाही. यादीच घ्यायची, अपेंड म्हणजे पुश आणि पॉप म्हणजे पॉप. रिकाम्या यादीवर पॉप केलं की तो कुठलीच किंमत देत नाही, सरळ इंडेक्स एरर फेकतो. सर्किटवाला म्हणतात ती ६५,५३७ वी गोष्ट तिथं परत देण्याच्या वाटेने येतच नाही, तिची वाटच वेगळी.

सी प्लस प्लसमध्ये तर पॉप काहीच परत देत नाही. वरची वस्तू बघायची तर टॉप, काढून टाकायची तर पॉप, दोन वेगळी फंक्शनं. नवख्यांना ते विचित्र वाटतं, मलाही वाटायचं. त्यामागे कारण आहे: वस्तू मोठी असेल आणि ती परत देताना तिची नक्कल करण्यातच एरर आली, तर स्टॅकमधून ती गेलेली आणि हातात आलेली नाही, अशी दोन्हीकडून गेली. आधी बघा, मग काढा, म्हणजे हरवत नाही. पण रिकाम्या स्टॅकवर टॉप किंवा पॉप केलं तर ती भाषा काहीही हमी देत नाही. रिकामा आहे का हे विचारण्याची जबाबदारी सगळी तुमची.

जावामध्ये गंमतच झाली आहे. पहिल्या आवृत्तीपासून 'स्टॅक' नावाचा क्लास (तयार साचा) आहे, पण तो 'व्हेक्टर' या यादीच्या क्लासवरून बनवलेला. त्यामुळे व्हेक्टरची सगळी फंक्शनं त्याच्याकडे आली, आणि स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवता येते. मॅडमच्या भाषेत, बांगडी मधनं ओढता येते. आता जावाची कागदपत्रंच सांगतात की त्याऐवजी 'अ‍ॅरेडेक' वापरा, ते जावा ६ पासून आहे. आणि कृष्णाकाठ, त्या अ‍ॅरेडेकमध्ये नल ठेवायला बंदी आहे. कारण त्यातली काही फंक्शनं 'रिकामं आहे' हे सांगायला नल परत देतात. तुझा -१ चा प्रश्न त्यांनाही पडला. त्यांनी एक किंमत राखून ठेवली आणि मग ती आत ठेवायलाच मनाई केली. खुणेची किंमत वापरायची असेल तर प्रामाणिक मार्ग हा एकच. तुला -१ वर अशी बंदी घालता येणार नाही, वजाबाकी तुझं ऐकणार नाही.

म्युनिककर

धागा वाचून राहवलं नाही. मी गेली काही वर्षं म्युनिकमध्ये राहते. कृष्णाकाठ, तू जो प्रोग्राम लिहितो आहेस तो जिथून सुरू झाला त्या गावातून लिहिते आहे.

फ्रीडरिश बाऊअर आणि क्लाऊस झामेलझोन हे इथल्या तांत्रिक विद्यापीठातले दोघं. गणितातली कंसांची मांडणी यंत्राला कशी सोडवता येईल यावर ते काम करत होते, आणि १९५७ मध्ये त्यांनी स्टॅकच्या कल्पनेवर पेटंटचा अर्ज केला. बाऊअर यांना या कामासाठी १९८८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचा कॉम्प्युटर पायोनियर पुरस्कार मिळाला. झामेलझोन तोवर हयात नव्हते. म्हणजे एक्सप्रेशन सोडवणं हा स्टॅकचा 'उपयोग' म्हणून जर्नलमध्ये नंतर येतो खरा, पण इथं तो मुळातच आधी होता, स्टॅक त्याच्यासाठी आला.

त्यांनी त्याला नाव दिलं 'केलर', म्हणजे तळघर. जर्मन माणूस आजही स्टॅकला केलरश्पायशर म्हणतो, तळघराची साठवण. हे नाव किती चपखल आहे ते मला इथं घर घेतल्यावर कळलं. आमच्या इमारतीत खाली प्रत्येकाला एक चिंचोळं खोपटं आहे, दार एकच. हिवाळ्याचे टायर, सायकल, दिवाळीचा आकाशकंदील, सगळं तिथं. जे शेवटी ठेवलं ते दाराशी. आकाशकंदील काढायला दरवर्षी आधी टायर बाहेर ठेवावे लागतात.

त्यांच्याही आधी, दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या, ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने आपल्या यंत्राच्या आराखड्यात अशीच सोय लिहून ठेवली होती. उपकामाला जाताना परतीचा पत्ता ठेवायचा आणि काम झालं की काढायचा. त्याचे शब्द 'बरी' आणि 'अनबरी', म्हणजे पुरणं आणि उकरणं. पुश-पॉपपेक्षा मला ते जास्त आवडतात.

तिसरी_घंटा

पुरणं-उकरणं! उद्याच वर्गात सांगते.

आपल्याकडे स्टॅकला इतके शब्द आहेत की एकच निवडणं जड जातं. भाकरींची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी. माझ्या मनात मात्र उतरंड आहे. आजीच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. खाली मोठा रांजण, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. तळातलं बी-बियाणं काढायचं तर वरचं एकेक उतरवायला लागायचं, आणि नावातच 'उतरणं' आहे.

पायवाट

उतरंड नाव म्हणून सुंदर आहे, पण उतरंडीत मोठं खाली, लहान वर असा नियम असतो. स्टॅकला तो नसतो, कसलीही वस्तू कशावरही बसते. मला चवड बरोबर वाटते.

तिसरी_घंटा

मान्य. चवड.

सर्किटवाला

ट्युरिंगचा परतीचा पत्ता निघालाच आहे तर माझा एक अनुभव लिहितो. रिकामा आणि भरलेला या दोन कडा तपासायला मी इतका का चिकटून असतो ते कळेल.

२००० च्या आसपास ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) एक वजनकाट्याचा बोर्ड करत होतो. या चिपमध्ये स्टॅक हार्डवेअरमध्येच आहे. फंक्शनला जाताना परतीचा पत्ता आपोआप पुश होतो, येताना पॉप होतो. आत रॅम फक्त १२८ बाइट. त्यातले पहिले ३२ बाइट चार रजिस्टर बँकांचे, प्रत्येकी आठ रजिस्टर, म्हणजे चालू कामाच्या किमती ठेवायच्या जागा. चिप चालू झाली की स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकचा शेंडा, ०७ वर असतो (हे जागांचे नंबर हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे), आणि ही चिप आधी पॉइंटर वाढवते, मग ठेवते. म्हणजे पहिला पुश ०८ वर जातो. आणि ०८ म्हणजे दुसऱ्या बँकेचं पहिलं रजिस्टर.

मी इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मधेच थांबवून करायच्या तातडीच्या कामात, वेळ वाचावा म्हणून दुसरी बँक वापरली होती. मुख्य प्रोग्राम एका फंक्शनमध्ये असायचा, म्हणजे त्याचा परतीचा पत्ता ०८ आणि ०९ वर. तेवढ्यात इंटरप्ट यायचा, माझा कोड त्याच जागी स्वतःची मोजणी लिहायचा. इंटरप्ट सुरळीत संपायचा. मग फंक्शन संपलं की चिप परतीचा पत्ता उचलायची आणि भलतीकडेच उडी मारायची. डिस्प्लेवर वजन गोठलेलं. पाच मिनिटं चालायचं, कधी दोन तास चालायचं. इंटरप्ट नेमका फंक्शनच्या आत असताना आला तरच फुटायचं, म्हणून टेबलावर सापडेना. पॉवर सप्लाय बदलला, क्रिस्टल बदलला, वायरी बदलल्या. आठ दिवस गेले.

उपाय एका ओळीचा निघाला. प्रोग्रामच्या सुरुवातीला स्टॅक पॉइंटर २एफ वर ठेवायचा. मग पहिला पुश ३० वर, आणि ७एफ पर्यंत स्वच्छ ८० बाइट मिळतात.

त्या चिपला 'ओव्हरफ्लो' हा शब्दच माहीत नाही. ती विचारत नाही, सांगत नाही, लिहीत सुटते. तुमच्या सी मधल्या अ‍ॅरेचंही तेच आहे. दहा खणांच्या अ‍ॅरेत अकराव्या खणात लिहिलं तर सी अडवत नाही, शेजारी जे असेल त्यावर लिहितं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर जो पहिला मोठा वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) पसरला, त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती: स्टॅकवरचा अ‍ॅरे, आत किती मावतं याची मोजणी न करता भरलेला. म्हणून ती एक 'जर' ची ओळ जर्नलची पानं भरायला नसते रे.

कृष्णाकाठ

दादा, हे वाचून पुशमधली तपासणी आधी नीट केली. आता प्रश्न असा: दहाच खण का? भरला की मोठा करता येईल का? मी 'भरला की एक खण वाढवा' असं, घेतलेली जागा लहान-मोठी करणाऱ्या रिॲलॉकने केलं. चालतंय.

पायवाट

चालतं, पण एकेक खणाने वाढवू नकोस, दुप्पट कर. वाढवताना जुना माल नव्या जागी हलवावा लागू शकतो. प्रत्येक वेळी लागलाच असं धरून एका खणापासून सुरू कर आणि १०२४ आकडे पुश कर.

एकेक वाढवलंस तर हलवाहलवी १ + २ + ३ करत १०२३ पर्यंत, बेरीज ५,२३,७७६. दुप्पट केलंस तर १ + २ + ४ करत ५१२ पर्यंत, बेरीज १०२३. पाच लाखांच्या पुढे आणि हजाराच्या जवळपास, एवढा फरक. दुप्पट करताना एखादा पुश महाग पडतो, पण सरासरीत प्रत्येकाच्या वाट्याला एकाहून कमी हलवणं येतं.

कमी करताना मात्र अर्धा रिकामा झाला की लगेच अर्धा करू नकोस. नेमक्या सीमेवर एक पुश, एक पॉप, एक पुश असं झालं तर दर वेळी सगळा माल इकडून तिकडे. पाव भागच भरलेला उरला की अर्धा कर.

सर्किटवाला

आणि रिॲलॉकचं उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये घेऊ नकोस. जागा मिळाली नाही तर ते नल देतं, जुनी जागा तशीच राहते, पण तिचा पत्ता तू स्वतःच्या हाताने पुसलेला असतो. वेगळ्या पॉइंटरमध्ये घे, नल नाही हे बघ, मग जुन्यात टाक. नल आला तर पुशने ० परत द्यायचा, आधीचे आकडे शाबूत.

वजनकाट्यासारख्या बोर्डावर यातलं काहीच करत नाही. तिथं मोजून ठरवलेला अ‍ॅरे आणि कडक तपासणी.

कृष्णाकाठ

सगळं पुन्हा लिहिलं. संख्या शून्यापासून, पॉप आणि पुश दोन्ही १ किंवा ० देतात, छापाछापी सगळी मुख्य प्रोग्राममध्ये, वाढ दुप्पट. रात्री हे दिलं:

'४ ५ -' : -१
'२ ३ ४ - *' : -२
'१ १००० -' : -९९९
अकरा वेळा १ आणि दहा बेरजा : ११
'२ +' : एक्सप्रेशन चुकीचं
'२ ३' : ३

शेवटचं बघून घाबरलो. '२ ३' हे एक्सप्रेशनच नाही, तरी उत्तर ३ दिलं.

पायवाट

शेवटी एकदा पॉप करतोस आणि थांबतोस ना? पॉप केल्यावर स्टॅक रिकामा झाला का तेही विचार. बरोबर एकच उरलेला असेल तरच उत्तर. कमी पडले तर चिन्हं जास्त, उरले तर आकडे जास्त.

कृष्णाकाठ

केलं. '२ ३' ला आता 'आकडे जास्त आहेत' येतं आणि '२ +' ला 'आकडे कमी आहेत'. '६ ० /' ला प्रोग्राम बंद पडत होता, भागाकाराच्या आधी ब शून्य आहे का ते बघितलं, तेही झालं.

जर्नलमध्ये काय लिहायचं ते ठरवलं. नवीन कोड लिहिणार आहे आणि खाली '२ ३ ४ - *' चा जुना आणि नवा आउटपुट दोन्ही चिकटवणार आहे. तोंडी परीक्षेत विचारलं तर दोन -१ वेगळे कसे ते सांगता येईल. सगळ्यांचे मनापासून आभार.

तिसरी_घंटा

कृष्णाकाठ, आज वर्गात -१ वाला पॉप फळ्यावर लिहिला आणि काही न सांगता '४ ५ -' सोडवायला दिलं. वीस मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, स्टॅक रिकामा नाहीये, त्यात -१ आहे." आता दरवर्षी पहिलं उदाहरण हेच देणार.